मामाच्या खोक्यातले वैमानिक: सोळा पानांच्या कामाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

मामाचा खोका आज माळ्यावरून खाली काढला. तीन वर्षं तो तसाच होता. आईला उघडवत नव्हता, मी वेळ नाही म्हणत होते. आज दोघी चादर अंथरून बसलो आणि एकेक वस्तू मोजत बाजूला ठेवली. टपालतिकिटं ९६, कव्हरं (तिकीट आणि शिक्का असलेली टपालाची पाकिटं) ४१, पिक्चर पोस्टकार्डं ३८, कात्रणं २७, नाणी आणि नोटा मिळून ९, आणि अगदी तळाशी एक बंद लिफाफा. एकूण २१२.

सगळं वैमानिकांचं. त्यांच्या चेहऱ्यांची तिकिटं, त्यांच्या स्मारकांची कार्डं, त्यांच्या उड्डाणांच्या वर्धापनदिनी मारलेले शिक्के. मामा स्वतः आयुष्यात दोनदाच विमानात बसला. पण आकाशात आवाज आला की बोलता बोलता थांबायचा, आवाज विरेपर्यंत वर बघायचा आणि मग अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे चालू करायचा.

बऱ्याच कार्डांच्या मागे त्याची बारीक पेन्सिल आहे. कुठून आलं, कुणी पाठवलं, त्यात काय बघायचं. हाती आलेलं पहिलंच कार्ड एमी जॉन्सनच्या विमानाचं निघालं. १९३० साली इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीनं गेलेली ही पहिली बाई. तिचं 'जेसन' नावाचं जिप्सी मॉथ आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये टांगलेलं आहे. मामानं मागे लिहिलंय : "पत्रमित्राकडून. विमान आहे, ती नाही. ५ जानेवारी." ती गेली तो दिवस ५ जानेवारी १९४१. आज तीच तारीख आहे हे आधी आईच्या लक्षात आलं.

संग्राहक मंडळाचं प्रदर्शन १६ मार्चला आहे. एका फ्रेममध्ये सोळा पानं बसतात. नाव नोंदवून टाकलं.

८ जानेवारी

आज फक्त डागडुजी. मामानं जीव लावून जमवलं, पण ठेवलं चुकीचं. कव्हरं मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत होती. त्या प्लॅस्टिकमधलं मऊ करणारं द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं, पाकीट चिकट होतं आणि शाई उचलून घेतं. चार कव्हरांवरचे शिक्के पाकिटाला उलटे उमटलेत. सगळी बाहेर काढून पॉलिएस्टरच्या पाकिटांत घातली.

कात्रणांचं त्याहून वाईट. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं, त्याचं आम्ल होतं. कात्रण स्वतः पिवळं पडतंच, शेजारच्या कार्डावरही आपल्या आकाराचा तपकिरी डाग सोडतं. वर सेलोटेप. टेपचा डिंक कागदात मुरला की काढता येत नाही. मी काढायला गेलेही नाही. कात्रणं वेगळ्या फाइलमध्ये, प्रत्येकाच्या मागे आम्लमुक्त कागद.

१२ जानेवारी

पहिला आराखडा केला : कोण कशात पहिलं. पहिलं उड्डाण, इंग्लंड-फ्रान्समधली खाडी ओलांडणारा पहिला, अटलांटिक न थांबता ओलांडणारे पहिले, एकट्यानं ओलांडणारा पहिला, पहिली स्त्री. सोळा पानं सहज भरतात आणि क्रमही आपोआप लागतो.

रात्री कागद पुन्हा पाहिला तेव्हा तो शर्यतीच्या निकालासारखा दिसला. तरी सध्या हेच धरून पुढे जाते.

१९ जानेवारी

राइट बंधूंचं पान. दिवसभर यातच गेला, आणि जायलाच हवा होता.

मामाकडे अमेरिकेतल्या किल डेव्हिल हिल्सच्या, म्हणजे राइट बंधू जिथे उडाले तिथल्या, स्मारकाची तीन कार्डं आहेत. टेकडीवर ६० फूट उंचीचा ग्रॅनाइटचा सुळका, १९३२ साली लोकार्पण झालेला. ऑरव्हिल राइट त्या कार्यक्रमाला स्वतः हजर होता. आपलंच एवढं मोठं स्मारक खालून वर पाहायची वेळ फार थोड्या माणसांवर येते. टेकडी वाळूची, वाऱ्याबरोबर सरकणारी. बांधकामाआधी तिच्यावर चिवट गवत लावून तिला जागेवर धरावं लागलं.

कार्डांवर हा सुळकाच मोठा दिसतो, म्हणून मीही समजत होते की विमान तिथून उडालं. मामाच्या पेन्सिलीनं मला सुधारलं : "वर शिकले. उडाले खाली." टेकडीवरून ते ग्लायडर घेऊन घसरायचे, शेकडो वेळा. इंजिन लावलेलं विमान १७ डिसेंबर १९०३ ला उडालं ते टेकडीच्या पायथ्याशी, सपाट वाळूवरून. तिथे १९२८ साली बसवलेला एक साधा दगड आहे आणि पुढे चार खुणा : १२० फूट, १७५, २०० आणि ८५२. त्या दिवशीची चार उड्डाणं. पहिल्याला १२ सेकंद लागले, चौथ्याला ५९. चौथ्यानंतर वाऱ्याच्या झोतानं उभं विमान उलटलं, मोडलं आणि पुन्हा कधी उडालं नाही.

मला सुळक्यापेक्षा त्या चार खुणा भावल्या. पहिल्या खुणेपर्यंत आपण आपल्या पायांनी अर्ध्या मिनिटात चालत जाऊ. अंतर डोळ्यांनी मोजता येतं आणि म्हणूनच ते अचाट वाटतं. पानावर दगडाचं कार्ड मध्यभागी लावणार, सुळक्याचं कोपऱ्यात. सोबत १७ डिसेंबर १९४९ ला निघालेलं अमेरिकेचं सहा सेंटांचं हवाई टपालतिकीट.

विमानाची पुढची कथाही याच पानावर हवी. अमेरिकेची स्मिथसोनियन संस्था आपल्याच जुन्या प्रमुखाच्या, लँग्लीच्या, यंत्राला उड्डाणक्षम पहिलं यंत्र म्हणत राहिली, त्या रागानं ऑरव्हिलनं मूळ विमान १९२८ मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियमला दिलं. संस्थेनं १९४२ मध्ये आपलं म्हणणं मागे घेतलं. विमान परत येऊन स्मिथसोनियनमध्ये लागलं ते १७ डिसेंबर १९४८ ला, ऑरव्हिल गेल्यावर काही महिन्यांनी. वीस वर्षं दुसऱ्या देशात राहिलं, कारण एक माणूस फलकावरच्या एका वाक्यावर अडून बसला होता. मला तो बरोबर वाटतो. फलकावर काय लिहिलंय याला महत्त्व आहे.

२२ जानेवारी

खाडी विमानानं ओलांडणाऱ्या पहिल्या माणसाचं, लुई ब्लेरियोचं, पान तासाभरात झालं. २५ जुलै १९०९, कॅलेहून डोव्हर. तो उतरला त्या जागी डोव्हर किल्ल्याजवळ गवतात त्याच्या विमानाचा आकार दगडांनी जमिनीवर आखून ठेवलाय. कार्ड वरून काढलेलं आहे, त्यामुळे आकार पूर्ण दिसतो. फार बोलायची गरज नाही.

२६ जानेवारी

तळाचा बंद लिफाफा आज उघडला. आत चंदेरी रंगाचं, तळहाताएवढं कापड, आणि टाइप केलेली चिठ्ठी : लिंडबर्गच्या विमानाच्या पंखाचा तुकडा, पॅरिस, मे १९२७. मामानं हे टपालानं मागवलेलं दिसतंय.

हात थरथरले हे खरंच सांगते. चार्ल्स लिंडबर्ग २० मे १९२७ ला न्यूयॉर्कजवळून निघाला आणि साडेतेहतीस तासांनी २१ तारखेच्या रात्री पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळावर उतरला. लोकांचा एवढा लोंढा धावपट्टीवर आला की आठवण म्हणून त्यांनी 'स्पिरिट ऑफ सेंट लुईस'चं कापड अक्षरशः ओरबाडून नेलं. म्हणजे असे तुकडे कुणाकुणाच्या घरी गेले असणार. त्यातला एक इथे असू शकतो.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "दादा याबद्दल कधी काही बोलला नाही." ते ऐकून माझा आनंद जरा कमी झाला. मामा तर सगळ्याबद्दल बोलायचा.

२ फेब्रुवारी

कापड घेऊन मंडळातल्या काकांकडे गेले. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. पन्नास वर्षं ते हवाई टपाल जमवतायत. "काका, तुम्ही एकदा बघता का?" म्हटल्यावर त्यांनी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि आधी कापड दोन बोटांत धरून वाकवलं.

"अगं, हे फार मऊ आहे," म्हणाले.

त्या काळच्या विमानाच्या सुती कापडावर 'डोप' नावाचं लाखेसारखं द्रावण थरावर थर चढवत. त्यानं कापड आखडून ताठ बसतं आणि हवाबंद होतं. जुनं झालं की ते कडक होतं, मोडलं तर तडा जातो. आमचा तुकडा रुमालासारखा घडी होत होता. मग खोलीत अंधार करून त्यांनी ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च कडेच्या सुट्या दोऱ्यांवर मारला. दोरे निळसर पांढरे चमकले. कापड आणि कागद जास्त पांढरे दिसावेत म्हणून जी चकाकी देणारी रसायनं घालतात, ती दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आली. साबणाच्या पुडीतूनही ती कापडाला लागतात, पण डोप दिलेला पंखाचा तुकडा कुणी धूत बसत नाही.

मी म्हटलं, "म्हणजे मामाला फसवलं."

काका थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी लिफाफा उलटासुलटा करून पाहिला. "तुझ्या मामानं यावर पेन्सिलीनं काही लिहिलेलं नाही," म्हणाले. "बाकी सगळ्यावर लिहिलंय ना?"

घरी येऊन तपासलं. खरंच, २१२ वस्तूंपैकी पेन्सिल नसलेल्या फारच थोड्या आहेत, आणि त्यात हा लिफाफा. मामाला कळलं होतं. वाईट वाटून त्यानं तो तळाशी ठेवला, पण फेकला नाही आणि कुणाला दाखवलाही नाही. मला त्याची फार आठवण आली.

९ फेब्रुवारी

आराखडा मोडला. नवा केला.

'कोण पहिलं' हे सगळं काढून टाकलं. आता प्रत्येक पानाला दोनच प्रश्न : काय उरलं, आणि ते कुणाच्या हातून कुणाच्या हाती आलं. दगडाचं स्मारक असो, चांदीचं कडं असो नाहीतर माझं कार्ड असो. ज्या वस्तूचा हा माग सांगता येणार नाही ती पानावर जाणार नाही, कितीही सुंदर असली तरी.

या चाळणीतून तिकिटं बरीच गळतात. वैमानिकाचा चेहरा आहे म्हणून लावलेली निम्मी तिकिटं निघाली. राइट बंधूंचं पान मात्र भरलं, कारण त्यांच्या विमानाच्या तुकड्यांचा माग पक्का आहे : पंखाचं थोडं कापड आणि पंख्याचं थोडं लाकूड नील आर्मस्ट्राँगनं १९६९ मध्ये अपोलो ११ मधून चंद्रावर नेऊन परत आणलं. कापडाचा आणखी एक तुकडा 'इन्जेन्युइटी' या छोट्या हेलिकॉप्टरच्या सौरपट्टीखाली बांधून मंगळावर गेला. १९ एप्रिल २०२१ ला ते तिथे उडालं. जानेवारी २०२४ मध्ये त्याचं शेवटचं उड्डाण झालं, म्हणजे ते कापड आता तिथेच. आकार टपालतिकिटाएवढा. मामा असता तर हे वाचून खुर्चीतून उठला असता.

१३ फेब्रुवारी

आजचं पान समुद्रानं परत दिलेल्या वस्तूंचं. तीन माणसं, एकच पान, त्यामुळे शब्द मोजून वापरावे लागले.

आंत्वान द सेंत-एक्झ्युपेरी, लेखक आणि वैमानिक. ३१ जुलै १९४४ ला कॉर्सिकाहून टेहळणीसाठी निघाला, परतला नाही. ५४ वर्षांनी, १९९८ मध्ये, मार्सेयजवळ एका कोळ्याच्या जाळ्यात चांदीचं कडं आलं. त्यावर त्याचं नाव, बायकोचं नाव आणि न्यूयॉर्कच्या प्रकाशकाचा पत्ता कोरलेला. त्या मागावर २००० मध्ये तळाशी पी-३८ विमानाचे अवशेष दिसले, पुढे ते वर काढले, आणि २००४ मध्ये एका भागावरच्या कारखाना क्रमांकावरून विमान त्याचंच ठरलं. अवशेष आता ल बूर्जेच्या संग्रहालयात आहेत. पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, फ्रान्सच्या थोरांच्या स्मारकात, त्याचं नाव फार आधीच कोरलं गेलं होतं. मामाकडे त्याचं चित्र असलेली ५० फ्रँकची नोट आहे, सुरुवातीच्या छपाईची. नावातल्या मोठ्या 'ई'वर नको असलेली मात्रा पडली होती, पुढच्या नोटांत ती काढली. मामानं मागच्या पाकिटावर बाण काढून दाखवलीय.

चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ. १९२८ मध्ये 'सदर्न क्रॉस' घेऊन पॅसिफिक ओलांडला. ते विमान ब्रिस्बेनच्या विमानतळावर काचेच्या घरात उभं आहे. माणूस मात्र नोव्हेंबर १९३५ मध्ये दुसऱ्या विमानासह ब्रह्मदेशाजवळच्या समुद्रावर नाहीसा झाला. अठरा महिन्यांनी त्या विमानाचा चाकासकट एक पाय पाण्यात सापडला. तेवढंच. ऑस्ट्रेलियाच्या जुन्या वीस डॉलरच्या नोटेवर त्याचा चेहरा आहे, सिडनीच्या विमानतळाला त्याचं नाव आहे.

आणि एमी. युद्धात ती विमानं एका तळावरून दुसऱ्या तळावर पोचवण्याचं काम करत होती. खराब हवेत भरकटून टेम्सच्या मुखाशी पॅराशूटनं पाण्यात उतरली. जवळच्या जहाजाचा कप्तान वॉल्टर फ्लेचर तिला वाचवायला गोठत्या पाण्यात उडी मारून गेला. तीही गेली, तोही गेला. तिच्या पिशव्या पाण्यावर तरंगताना मिळाल्या; ती मिळाली नाही. इंग्लंडमधल्या रनिमीडच्या स्मारकावर, ज्यांना कबर नाही अशा वीस हजारांहून जास्त हवाई योद्ध्यांच्या नावांत तिचं नाव आहे. फ्लेचरचं नाव मी तिच्याइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहिणार आहे. तो वैमानिक नव्हता, तरी हे पान त्याचंही आहे.

तिची पदकं आणि भेटवस्तू ईशान्य इंग्लंडमधल्या स्यूअर्बी हॉलमध्ये आहेत. वडिलांनी दिल्या. १९३६ मध्ये ती वास्तू लोकांसाठी खुली केली ती एमीनंच. फीत कापताना तिला काय माहीत!

१८ फेब्रुवारी

आजच्या तारखेचं पान आजच पूर्ण करायचं ठरवलं होतं, झालं. १८ फेब्रुवारी १९११ : २३ वर्षांचा फ्रेंच वैमानिक आंरी पेके अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला टपालाची पिशवी घेऊन उडाला. अंतर दहा किलोमीटरच्या आसपास, पत्रं सुमारे साडेसहा हजार. विमानानं गेलेलं जगातलं हे पहिलं अधिकृत टपाल. मूळ पत्रावर किरमिजी रंगाचा, विमानाचं चित्र असलेला शिक्का असतो. तसं पत्र मामाला कधी मिळालं नाही. त्याच्याकडे १९६१ च्या सुवर्णमहोत्सवी तिकिटांचं फर्स्ट डे कव्हर (तिकीट निघालं त्याच दिवशीच्या शिक्क्याचं) आहे, आणि त्यावर आधीच्या मालकाचा पत्ता. पेकेनं नेलेल्या पिशवीत लोकांची रोजचीच पत्रं होती. स्मारक म्हणून आज जे जपलं जातं ते तेव्हा कुणाची तरी ख्यालीखुशाली होती, हे राइट-अपमध्ये, म्हणजे पानावरच्या मजकुरात, घातलं.

२३ फेब्रुवारी

अॅलकॉक आणि ब्राउन. १४ जून १९१९ ला न्यूफाउंडलंडहून निघाले, १५ ला सोळा तासांच्या आत आयर्लंडमध्ये क्लिफडेनजवळ हिरवं सपाट मैदान बघून उतरले. ते मैदान म्हणजे दलदल निघाली आणि विमानाचं नाक चिखलात रुतलं. अटलांटिक न थांबता ओलांडणारे ते पहिले. सोबत दोन खेळण्यातली मांजरं आणि सुमारे दोनशे पत्रांची पिशवी. पुढे सहाच महिन्यांत अॅलकॉक अपघातात गेला. दलदलीत एक पांढरा दगडी ढीग आहे, आणि थोड्या अंतरावरच्या टेकडीवर विमानाच्या शेपटीच्या आकाराचं स्मारक. पान सोपं गेलं. ब्रिटनचं १९६९ चं पाच पेन्सचं तिकीट, टेकडीचं कार्ड, बस.

संध्याकाळ मात्र बर्ट हिंकलरनं खाल्ली. हे नाव मला आधी माहीतच नव्हतं. बंडाबर्ग या ऑस्ट्रेलियन गावचा मुलगा. फेब्रुवारी १९२८ मध्ये इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटा उडत गेलेला पहिला माणूस. एमी त्याच्याच वाटेनं दोन वर्षांनी गेली. जानेवारी १९३३ मध्ये इटलीच्या डोंगरात कोसळला. बर्फ वितळल्यावर एप्रिलमध्ये सापडला. फ्लॉरेन्समध्ये पुरला.

इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनला त्यानं बांधलेलं घर पाडणार होते. त्याच्या गावच्या लोकांनी १९८३ मध्ये ते वीट न् वीट सुटं करून, बोटीनं ऑस्ट्रेलियाला नेऊन बंडाबर्गला पुन्हा उभं केलं. एवढी माया! आणि त्यानं पोरवयात बनवलेल्या ग्लायडरच्या लाकडाचा एक छोटा तुकडा तिथल्या लोकांनी एका अंतराळवीराला भेट दिला. त्यानं तो आपल्या सहकाऱ्याला, 'चॅलेंजर' या अंतराळयानाचा कमांडर डिक स्कोबीला दिला. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर आकाशात फुटलं. सातही जण गेले. नंतर समुद्रातून जे बाहेर काढलं त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीतला तो लाकडाचा तुकडा होता. तो बंडाबर्गला परत पाठवला गेला.

मामाकडे हिंकलरचं १९७८ चं अठरा सेंटांचं तिकीट आणि घराचं कार्ड आहे. कार्डामागे : "तुकडा परत आला." बाकी काही नाही. आज वाचलं तेव्हा कळलं, कुठला तुकडा.

सोळा पानांतलं सगळ्यात महत्त्वाचं पान हे असेल असं आता वाटतंय. एका तळहातावर मावेल एवढं लाकूड, आणि प्रत्येक हात माहीत.

१ मार्च

पानं जास्त झाली. बसून कापाकापी केली आणि दुखलं.

ओटो लिलिएंटाल, ग्लायडर उडवणारा जर्मन, ठेवला. त्याचं स्मारक दोन ठिकाणी आहे : बर्लिनमध्ये त्यानं स्वतः उड्या मारायला रचलेली टेकडी, आणि श्टोलन गावाजवळ, जिथून १८९६ मध्ये तो कोसळला. तिथे २३ ऑक्टोबर १९८९ ला पूर्व जर्मनीच्या वैमानिकांनी इल्युशिन-६२ हे भलंमोठं प्रवासी जेट ९०० मीटरच्या गवती पट्टीवर उतरवलं आणि कायमचं ठेवून दिलं. नाव त्याच्या बायकोचं : 'लेडी आग्नेस'. ग्लायडर उडवणाऱ्याच्या स्मरणार्थ अख्खं जेट गवतावर उतरवणं, यात मला वैमानिकांचा वैमानिकाला केलेला नमस्कार दिसतो.

ब्राझीलचा वैमानिक सांतोस-द्युमोंही ठेवला. पॅरिसजवळ सेंक्लूला त्याच्या सन्मानार्थ १९१३ मध्ये इकारसचा पुतळा उभारला. जर्मन ताब्याच्या काळात तो वितळवला गेला, १९५२ मध्ये पुन्हा घडवून बसवला. १९३२ मध्ये तो गेला तेव्हा देहाला मसाला भरणाऱ्या डॉक्टरनं कुणाला न सांगता त्याचं हृदय काढून जपलं. आज ते रिओच्या हवाई संग्रहालयात सोन्याच्या गोलात आहे. हे वाचून आई म्हणाली, "असं करू नये." मलाही ते पटत नाही. पण माग पक्का आहे, म्हणून पानावर आहे. माझं मत लिहिलं नाही.

फ्रेंच वैमानिक रोलां गारोसचं पान काढून टाकलं. त्याच्या नावाचं टेनिसचं मैदान सगळ्यांना ठाऊक आहे, पण मामाकडची कार्डं मैदानाचीच होती. वैमानिकाचं त्यात काही नव्हतं.

बेसी कोलमनला अर्धं पान. कृष्णवर्णीय बाई म्हणून अमेरिकेत तिला कुणी विमान शिकवेना, म्हणून फ्रेंच शिकून फ्रान्सला गेली आणि १९२१ मध्ये परवाना घेऊन आली. १९२६ मध्ये विमानातून पडून गेली. पुढे शिकागोचे वैमानिक दरवर्षी तिच्या कबरीवरून उडत फुलं टाकत. याचं कार्ड नाही, कव्हर नाही, फक्त १९९५ चं तिकीट. फुलं कशी जपणार? तरी ठेवलं.

५ मार्च

पान पंधरा अमेलिया एअरहार्टचं आणि ते अडलं होतं.

१९३२ मध्ये अटलांटिक एकटीनं ओलांडताना तिनं वापरलेलं लाल व्हेगा विमान वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. त्याचं कार्ड मामाकडे आहे, आणि तिच्या जन्मदिनी, २४ जुलै १९६३ ला निघालेलं आठ सेंटांचं तिकीटही. पण जगप्रदक्षिणेच्या उड्डाणात २ जुलै १९३७ ला न्यू गिनीतलं लाए सोडल्यानंतर तिचं आणि तिचा दिशादर्शक फ्रेड नूननचं काहीच खात्रीचं मिळालेलं नाही. हाउलंड बेटावर, दोन-अडीच किलोमीटर लांबीच्या त्या ठिपक्यावर, तिच्यासाठी धावपट्ट्या तयार केल्या होत्या. ती उतरली नाही. नंतर तिच्या नावाचा दीपस्तंभ तिथे उभारला गेला.

त्या विमानात संग्राहकांसाठी छापलेली हजारो कव्हरं होती. जगाला प्रदक्षिणा घालून ती परत येणार होती आणि ज्यांनी नोंदवली त्यांच्या घरी पोचणार होती. म्हणजे माझ्यासारखी, मामासारखी माणसं कुठेतरी टपालाची वाट बघत होती.

तर पानाच्या वरच्या भागात विमान आणि तिकीट, खालच्या भागात कव्हराच्या आकाराची बारीक काळी चौकट, आत काही नाही. खाली एक ओळ : "न आलेलं टपाल, १९३७." काकांना दाखवलं. परीक्षक रिकाम्या जागेचे गुण कापतात, ते म्हणाले. मी म्हटलं, कापू देत. काकांनी पान पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "चौकट जरा जाड कर, लांबून दिसायला हवी."

१० मार्च

राइट-अप छापले. दोनदा. पहिल्या वेळी ब्लेरियोच्या पानावर १९०९ चं १९०६ झालं होतं. आईनं पकडलं.

कार्डांना डिंक नाही, हिंज (चिकटवायची कागदी पट्टी) नाही, फक्त कोपऱ्यांत अडकवलेली. काढलं तर मागची पेन्सिल जशीच्या तशी मिळायला हवी. तीन कार्डं मुद्दाम उलटी लावली, मागची बाजू दिसेल अशी. मामाचं अक्षर हेही या संग्रहातलं एक कागदपत्र आहे असं मी मानते.

१४ मार्च

पान सोळा : आभार म्हणतात ते नको होतं. तिथे लिंडबर्ग. 'स्पिरिट ऑफ सेंट लुईस' स्मिथसोनियनमध्ये आहे याचं कार्ड. त्याला मिळालेल्या मानचिन्हांचा ढीग त्यानं सेंट लुईसच्या इतिहास संस्थेला दिला, त्याचं कार्ड. आणि १९२७ चं दहा सेंटांचं तिकीट, जे तो जिवंत असतानाच त्याच्या नावासह निघालं. कापड लावलं नाही. पण ते खोक्यातही लपवून ठेवायचं नाही असं ठरवलं. पॉलिएस्टरच्या पाकिटात घातलं, सोबत चिठ्ठी : "लिंडबर्गच्या विमानाचं म्हणून घेतलेलं. डोप नाही, दोरे अतिनील प्रकाशात चमकतात. तपासणी २ फेब्रुवारी २०२५." टाइप केलेली मूळ चिठ्ठीही त्यातच. पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला सगळं कळू दे.

१६ मार्च

लावलं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा.

राइट बंधूंच्या पानाशी लोक थांबले, जसं वाटलं होतं तसं. हिंकलरच्या पानाशी जे थांबले ते फार वेळ थांबले. रिकाम्या चौकटीपुढे एका बाईंनी मला बोलावून विचारलं, इथलं कव्हर पडलं की काय? सांगितल्यावर त्या खाली वाकून ओळ पुन्हा वाचत राहिल्या. परीक्षकांनी खरंच गुण कापले. कांस्य मिळालं.

आई दुपारी आली. उलट्या लावलेल्या तीन कार्डांपुढे उभी राहिली, दादाचं अक्षर वाचलं आणि पुढच्या फ्रेमकडे गेलीच नाही.

रात्री पानं उतरवली, कार्डं कोपऱ्यांतून सोडवली. मामाची २बी पेन्सिल खोक्यातच होती. एमीच्या कार्डामागे, त्याच्या ओळीखाली, हलक्या हातानं लिहिलं : "भाचीकडून प्रदर्शित, १६ मार्च २०२५, पान ११."